तारेवरची शेहेचाळीस पत्रं

पौषातली गोष्ट. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. कारभारी आर्दड कमरेला ओटी बांधून एका ओळीत आणि त्याची सून नंदा शेजारच्या ओळीत, अशी दोघं खाली मान घालून वेचत होती. झुंबरबाई, म्हणजे कारभारीची बायको, बांधावर बसून कापसातला पाला निवडत होती, कारण दोन वर्षांपासून तिचे गुडघे तिचं ऐकत नव्हते. वेचणी हे बायांचं काम, असं म्हणणारे गावात होतेच. त्यांना कारभारी म्हणायचा, "मंग तुमी या वेचायला, मी जातो पारावर बसायला."

तेवढ्यात बांधावरून पोस्टमन वसंताची हाळी आली.

"कारभारीतात्या! कागद आलाय! ह्या बारीला धर्मराजचा न्हाई, दिल्लीचा हाय!"

नंदाचा हात बोंडावरच थांबला. पण सासऱ्याच्या आधी मान वर करायची रीत नव्हती, म्हणून तिनं तो कापूस ओढून ओटीत टाकला आणि मगच उभी राहिली.

हे दिल्लीचं प्रकरण काय ते आधी सांगितलेलं बरं. धर्मराज हा कारभारीचा एकुलता एक. शेतात त्याचं मन कमी, पखवाजात जास्त. जांब समर्थ हे गाव घरून चालत तासाभरावर. तिथल्या राममंदिरात उत्सवाचे नऊ दिवस हा घरचं सगळं सोडून सेवेला. एका रामनवमीला कॅनडात राहणारं एक मराठी डॉक्टर जोडपं दर्शनाला आलं. त्यांच्या तिकडच्या गावात रामाचं मंदिर झालं होतं आणि त्यांना एक माणूस हवा होता. त्यानं पहाटे काकडा म्हणावा, हार गुंफावे, नैवेद्य रांधावा आणि पखवाजही वाजवावा. चार माणसांचं काम एकट्यानं करणारं येडं त्यांना जांबलाच सापडलं. धर्मराजच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. कागदावर 'धार्मिक सेवक' असं लिहून तो गेला, त्याला आता चार वर्षं होत आली. त्याला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आणि बायकोला घरची माणूस म्हणून नेता येईल असं कळलं. तसा अर्ज कॅनडाच्या दिल्लीतल्या हापिसात गेला होता.

संध्याकाळी तातेराव गुरुजींनी ओट्यावर बसून लिफाफा फोडला. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गावातलं इंग्रजी त्यांच्याच हवाली. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

"कारभारी, ते म्हणतात लग्नाचा दाखला पोचला. पण हा संसार खरा चालू आहे याचा पुरावा पाठवा. लेकरू नाही, चार वर्षं दोघं दोन मुलखात. तर नवरा-बायकोनं एकमेकांना लिहिलेली पत्रं पाठवा. तीस दिवसांत आली नाहीत तर अर्ज निकाली."

"निकाली म्हंजी पास?"

"निकाली म्हणजे बंद."

"आरं मंग पत्राला काय तोटा हाय का आपल्याकडं!" कारभारी हसला आणि आत जाऊन खुंटीची तार घेऊन आला. एक हात लांब तार, खाली वाकवलेली, आणि तिच्यात टोचून ठेवलेली पत्रं. निळी, पातळ, एकावर एक. शेहेचाळीस.

ही तार म्हणजे कारभारीचा दागिना होता. महिन्याच्या महिन्याला पत्र यायचं आणि त्या दिवशी कारभारी जेवण लवकर उरकून ओट्यावर बसायचा. घसा साफ करायचा. 'तीर्थरूप दादांना शिरसाष्टांग नमस्कार' हे एवढ्या मोठ्यानं वाचायचा की समोरच्या गोठ्यातली म्हैस मान वळवायची. शेजारी यायचे. "माझं पोरगं कॅनडाहून बापाला लिहितंय. तुमचं औरंगाबादेत राहून लिहितंय का?" असं विचारून तो दोन-चार जणांचं तोंड पाडायचा. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. पोरगा लांब गेला होता आणि तार तेवढी हाताशी होती.

गुरुजींनी एकेक पत्र तारेवरून सोडवलं, सगळी वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कारभारी, सुनेला लिहिलेलं एक दाखव."

"सुनेला?" कारभारी बावचळला. "गुरुजी, बाप जित्ता असताना बायकूला कागद लिहायला माझं पोरगं काय बेशरम हाय व्हय?"

"एकातही तिचं नाव नाही. 'मंडळी' नाही की काही नाही."

"आमच्यात न्हाई घेत नाव. फोन आला दिवाळीला तरी मी बोलतो, मंग ही माय बोलती. नंदा बाजूला उभी ऱ्हाती. माझ्यासमोर ती काय बोलनार?"

दाराच्या आडून बांगडीचा आवाज आला आणि थांबला. झुंबरबाईनं दिव्याची वात विनाकारण पुढं सारली.

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून जीपनं घनसावंगीला आणि तिथून एसटीनं जालन्याला निघाले. नंदा मागच्या बाकावर, कारभारी पुढच्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पत्रं. जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर साहेबराव म्हणून एकजण परदेशाचे कागद करून द्यायचा. वर टाइपरायटर, खाली गल्लीत रिक्षांचा गोंगाट. साहेबरावनं पानाचा तोबरा सावरत पत्रं चाळली.

"ह्यात बाईचं नावच न्हाई, तात्या. हे चालनार न्हाई बिलकुल. पर घाबरायचं काम न्हाई." त्यानं कपाटातून कोरी निळी पत्रं काढली. "मी लिहितो बारा-पंधरा. 'प्रिय नंदास.' जुन्या तारखा टाकू. कॅनडाचे शिक्के मारनारा मानूस हाय माझ्याकडं. असे किती गेले."

कारभारीनं घाम पुसला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तशी त्याची गत झाली होती. "लिहा मंग," तो म्हणाला. "जल्दी लिहा."

साहेबरावनं पेनाचं टोपण काढलं. आणि दाराशी पदर तोंडाशी धरून उभी असलेली नंदा, जी सहा वर्षांत सासऱ्यासमोर 'हो' आणि 'न्हाई' याच्यापलीकडं गेली नव्हती, ती बोलली.

"लिहू नका."

साहेबराव थांबला. कारभारीनं मागं वळून बघितलं.

"मामा, माफी करा. पर ते तिकडं रामासमोर दिवा लावतेत. मी खोट्या कागदावर जाऊन त्यांच्या शेजारी हात जोडू का? मला न्हाई नेलं तरी चालंल."

"आगं पर खरा कागद हाय कुठं?" कारभारी चिडला. "त्यानं लिहिलंय का तुला एक तरी?"

"लिहितेत की. दर महिन्याला."

"कुठं हायेत?"

"तुमच्या पिशवीत."

नंदानं पदर तोंडावरून खाली घेतला. बाईचं धाडस म्हणतात ते हे. ओरडणं सोपं असतं, सासऱ्यासमोर हळू आवाजात खरं बोलणं सोपं नसतं.

"सातवं काढा, साहेब."

साहेबरावनं तारखांवरून सातवं शोधलं आणि वाचलं. "'येथे थंडी फार. तूप थिजते व वात बुडून विझते. वात जरा जाड व आखूड असावी.'"

"मामा वाती वळत न्हाईत," नंदा म्हणाली. "मी वळते. आपल्या पहिल्या वेचणीचा कापूस, सरकी हातानं काढून, नडगीवर वळते. तिकडं दिवाळीला आन् रामनवमीला पुडकं जातंय टपालानं. मामाच नेऊन देतेत. आता नववं काढा."

"'वाती पोहोचल्या. पहिली लावली, ती काकड्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत तेवली. बरे वाटले.'"

"चौदावं."

"'ह्या वेळी वाती कमी आल्या. प्रकृतीस जपावे. काढा घ्यावा.'"

"मला हिवताप आल्ता तव्हा. उठवत नव्हतं. शंभरच झाल्या वाती. तेवढ्यावरून वळखलं त्यांनी."

कारभारीला आठवलं. ते पत्र वाचून त्याला वाटलं होतं, पोराला आपल्या खोकल्याची काळजी लागलीय. आठ दिवस त्यानं झुंबरबाईला काढा करायला लावला होता आणि दोन वेळा ओट्यावर बसून सगळ्यांसमोर प्याला होता.

"एकोणिसावं," नंदा म्हणाली. मग तिनं सासऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या."

"वाचा," कारभारी म्हणाला.

साहेबरावनं वाचलं. "'वेचणीला बोंडाच्या टोकांनी बोटे चिरतात. निजताना बोटांना खोबरेल तेल लावावे. विसरू नये.'"

कारभारीनं स्वतःची बोटं बघितली. त्या पत्रापासून तीन हिवाळे त्यानं तेलाची बाटली आपल्या उशाच्या कोनाड्यात ठेवली होती. रोज लावायचा. भेटेल त्याला सांगायचा, पोरानं सांगितलंय कॅनडाहून.

साहेबरावनं पेनाला टोपण लावलं. "बाई, तुमी वकील व्हायला पायजे होतं," तो म्हणाला. "पर हे दिल्लीला कसं पटवनार? वर नाव तात्याचं हाय. तात्यानंच सांगितलं तर काही व्हईल."

दोघं एसटीनं परतले. घनसावंगीला जीप भरायची वाट बघताना नंदानं चहाचा कप पुढं केला, तो त्यानं घेतला, पण तिच्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर त्यानं पत्रं तारेवर परत टोचली. हात जोरात चालत होता, दोन पत्रं फाटली. झुंबरबाई चुलीपुढून बघत होती.

"ती म्हनती, शेहेचाळीसच्या शेहेचाळीस तिचीच हायेत," कारभारी म्हणाला. "माझं एक बी न्हाई."

"लेकी बोले सुने लागे," झुंबरबाई म्हणाली आणि फुंकणी खाली ठेवली. "तुमाला आत्ता कळलं व्हय? मला दुसऱ्याच पत्राला कळल्तं."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमचा आवाज लई चांगला लागायचा वाचताना. कशाला मोडायचा?" ती भाकरी उलटत म्हणाली. "आन् तुमचं एक बी न्हाई असं कसं? पोराचा बापावर भरवसा हाय म्हनून तर तुमच्या तोंडानं बोलला. मला तर जल्मात कुनी कागद धाडला न्हाई. माझी माय कुनाकडून लिहून घ्यायची, ते बी तुमच्याच नावानं यायचं."

कारभारी तार खुंटीला अडकवून अंथरुणावर पडला. आता माणसाच्या मनात काय काय येतं! दिल्लीचा कागद टपालातच बारा दिवस होता, म्हणून तीस दिवसांतले सोळाच उरले होते. काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं की दिवस सरणार आणि अर्ज आपोआप बंद होणार. सून घरात राहणार. झुंबरबाईचे गुडघे असे, नंदा गेली तर म्हशीची धार, पाणी, वेचणी, गव्हाला दारं धरणं, हे कोण करणार? गावातही कोणी नाव ठेवलं नसतं. दिल्लीनं नाही म्हटलं, आपण काय करणार. असा विचार त्यानं तीन दिवस केला. आपण काही त्याला देव म्हणून बसवायचा नाही.

चौथ्या दिवशी दोघं वेचत होती. ऊन चढलं होतं, वारा कोरडा. नंदा त्याच्या दोन हात पुढं होती. तिनं एका बोंडातून कापूस ओढला आणि पांढऱ्यावर लाल ठिपका उमटला. तिनं बोट तोंडात घातलं, मग लाल झालेला तेवढा कापूस तोडून वेगळा टाकला, बाकीचा ओटीत घातला आणि पुढच्या झाडाला हात घातला. कारभारी बघत राहिला. तिच्या दहाच्या दहा बोटांची टोकं फाटलेली होती. नखांच्या कडेला काळ्या भेगा होत्या. त्याची स्वतःची बोटं मऊ होती.

"नंदा," त्यानं हाक मारली.

"जी."

"तेल लावीत न्हाईस का तू?"

ती गोंधळली. "बाटली तुमच्या कोनाड्यात असती, मामा."

एवढंच ती म्हणाली. त्यात बोल लावणं नव्हतं की गाऱ्हाणं नव्हतं. पण कारभारी तिथंच मातीत बसला. तीन हिवाळे तिच्या नवऱ्यानं साता समुद्रापलीकडून तिच्यासाठी सांगितलेलं तेल आपण लावत होतो, आणि ती दर महिन्याला दाराआड उभी राहून ऐकत होती आणि एक दिवस बोलली नाही. त्याला लाज वाटली. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी जाऊन त्यानं बाटली उचलली आणि नंदाच्या वातींच्या सुपाशेजारी नेऊन ठेवली. मग तातेराव गुरुजींकडं गेला. "उद्या तहसीलला चला माझ्याबरूबर. मला शपथेवर लिहून द्यायचंय."

घनसावंगीच्या तहसीलबाहेर एका छपराखाली प्रतिज्ञापत्रं लिहिणारा बसायचा. भोवती पंधरा-वीस माणसं, कोणी उताऱ्यासाठी, कोणी दाखल्यासाठी. कारभारी उभ्यानं सांगू लागला आणि गुरुजी शुद्ध करून लिहिणाऱ्याला देऊ लागले.

"लिहा. मी कारभारी गणपत आर्दड, शपथेवर सांगतो, की ही शेहेचाळीस पत्रं माझ्या नावानं आली, पर ती माझी न्हाईत. माझ्या सुनेची हायेत."

लिहिणाऱ्यानं मान वर केली. "म्हंजी तात्या, चार वर्षं तुमी सुनेचे कागद वाचून राह्यले होते?"

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "सासरा लई हौशी दिसतोय." कारभारीचे कान लाल झाले. त्याच्या जागी दुसरा असता तर पिशवी उचलून घरी गेला असता. कारभारीनं टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"वाचत होतो," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचत होतो. दाराआड तिला ऐकू जावं म्हनून. लिहा तसंच."

खरं तर वाचायचा तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं, पण तिला ऐकू गेलं होतं हे काही खोटं नव्हतं. लिहिणाऱ्यानं लिहिलं. मग कारभारीनं एकेक पत्र घेऊन सांगितलं, ह्यात वातीचं आलं, ती वात कोण वळतं, ह्यात विहिरीवर एकटं जाऊ नये असं आलं, पाणी कोण शेंदतं. आणि एकोणिसाव्याला म्हणाला, "हे तेल तिच्यासाठी होतं. मी चुकून लावलं. हे बी लिहा."

"ते कशाला?" गुरुजी हळूच म्हणाले.

"शपथेवर हाय ना? मंग सगळंच लिहा."

गुरुजींनी दोन दिवस बसून त्याचं इंग्रजी केलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं म्हणत म्हणत केलं. पाकीट बंद करताना नंदानं त्यात पाच वाती घातल्या. गुरुजी म्हणाले, हापिसात वातींचं काय काम. कारभारी म्हणाला, ऱ्हाऊ द्या.

होळीच्या आधी वसंता सायकल आडवी टाकून पळत आला. मंजुरी आली होती. झुंबरबाई आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. नंदा दोघांच्या पाया पडली तेव्हा कारभारीला वाटलं काही बोलावं, पण त्याला एवढंच सुचलं, "तिकडं थंडी लई हाय. पायमोजे घालत जा."

चैत्रात ती गेली. जाताना लाखभर वाती वळून ठेवून गेली म्हटलं तर खोटं होईल, पण दोन सुपं भरून गेली. गोठ्यात, विहिरीवर, ओट्यावर, सगळीकडं तिची जागा मोकळी दिसायची. धार आता कारभारी काढू लागला. म्हशीनं पहिले आठ दिवस त्याला लाथा मारल्या.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. तार होती तिथंच होती, तिच्यावर नवीन काही चढलं नव्हतं. कारभारी वसंताला काही विचारायचा नाही. फक्त तो यायच्या वेळेला ओट्यावर बसायचा.

आषाढात एका सकाळी वसंता दारात उभा राहिला आणि मुद्दाम घसा ताणून ओरडला, "झुंबरबाई कारभारी आर्दड कोन हायेत इथं? त्यांचा कागद हाय!"

कारभारीचा हात सवयीनं पुढं झाला होता. तो त्यानं मागं घेतला. झुंबरबाई भिंतीला धरून बाहेर आली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, एकदा पुसले, परत पुसले, आणि मग ते निळं पत्र दोन्ही हातांत घेतलं. उलटं धरलं होतं, पण तिला कोणी सांगितलं नाही.

"माझ्याच नावाचा हाय?"

"तुझ्याच नावाचा," कारभारी म्हणाला.

ती ओट्यावर बसली, कारभारीच्या रोजच्या जागेवर. कारभारी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि वाचू लागला.

"'सौभाग्यवती आत्याबाईंना नंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. मंदिर मोठे आहे. काकड्याला मी दिवे लावते, हे पखवाज वाजवतात. तुमचे गुडघे कसे आहेत? म्हशीला आता कोण बघते? वाती जपून वापरा, संपल्या की कळवा, मी इकडून वळून पाठवीन.'" कारभारी थांबला. पुढची ओळ त्यानं मनात वाचली. मग चष्मा वर सरकवला.

"काय हाय पुढं?"

"'मामांना सांगा,'" त्यानं पत्र डोळ्यांजवळ धरलं. "'औंदा वेचणीला बोटांना खोबरेल तेल लावत जावे. ह्या वेळी ते मामांसाठीच आहे.'"

म्हशीनं मान वळवली नाही, इतका हळू तो वाचत होता. झुंबरबाईनं पाय पसरले, गुडघ्यावर हात ठेवला आणि मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"मोठ्यानं वाचा की," ती म्हणाली. "मला ऐकू आलं न्हाई."

कारभारीनं घसा साफ केला आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली, समोरच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.